अंगणातील शेगडी आणि घरातील ज्येष्ठ

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले, की महाराष्ट्रातील अंगणे आणि शेते विस्तवाभोवती गोळा होऊ लागतात. सोलापूरकडे ज्वारीच्या हुरड्यासाठी आगट्या पेटतात, रायगडच्या किनारपट्टीवर वालाच्या शेंगांची पोपटी लागते, खानदेशात भरताची वांगी पऱ्हाट्यांच्या आणि तुराट्यांच्या जाळावर भाजली जातात. उघड्यावर भाजून चारचौघांनी मिळून खाणे ही आपल्याकडे बाहेरून आलेली हौस नव्हे. नवीन आहे ती वस्तू. बार्बेक्यू किंवा ग्रिल या नावाने ती आता शहरातील दुकानांत मांडलेली दिसते; बंगल्याची बाग, रो हाउसचे परसू, गावाकडील वाडा अशा ठिकाणी ती हळूहळू पोहोचली आहे. पुष्कळदा परगावी राहणारी मुले-सुना सुटीत येताना ती घेऊन येतात. मग घरात चर्चा सुरू होते, की कोळशाची घ्यावी, गॅसची, की विजेची?

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर चवीपासून सुरू होते आणि किमतीपाशी संपते. ज्या घरात सत्तरी ओलांडलेली व्यक्ती आहे, तेथे मात्र ते वेगळ्या ठिकाणाहून सुरू करावे लागते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे, की घरातील सर्वांत नाजूक प्रकृतीचा माणूस ज्या शेगडीपासून गप्पा मारता येतील इतक्या अंतरावर निर्धास्तपणे बसू शकेल, ती त्या घराची योग्य शेगडी. इतर सर्व गुण त्यानंतर पाहावेत. कारण असल्या प्रसंगी बहुतेक घरांत काय घडते, ते आपण पाहिलेच असेल. धूर होतो, आजींना खोकला येतो, कोणीतरी काळजीने त्यांची खुर्ची आत नेऊन ठेवते. बाहेर हशा चाललेला असतो आणि आत दूरदर्शन संचासमोर ताटलीत गार झालेले कणीस येते. सुरक्षितता साधली, पण ज्यासाठी हा सारा घाट घातला ते सोबतीचे सुख ज्यांना सर्वाधिक हवे होते त्यांनाच ते मिळाले नाही.

आधी धुराचा विचार करू, कारण निवडीचा निम्मा निकाल तेथेच लागतो. आज पासष्टी-सत्तरीत असलेल्या आपल्याकडील अनेक स्त्रियांनी तारुण्याची वीस-तीस वर्षे चुलीपुढे काढली आहेत. लाकूड, गोवऱ्या आणि काटक्या यांच्या धुराने श्वासनलिकांचे जे नुकसान होते, त्यातून सीओपीडी हा श्वसनमार्ग कायमचे अरुंद करणारा विकार जडतो. आयुष्यात विडी-सिगारेटला स्पर्श न केलेल्या बाईला हा आजार कसा झाला, असे नातेवाईक आश्चर्याने विचारतात. त्याचे उत्तर त्या चुलीत असते. घरोघर गॅस पोहोचल्यावर त्यांची धुरातून सुटका झाली. आता हौसेखातर त्यांना पुन्हा धुराशेजारी बसवताना आपण दोनदा विचार करायला हवा. दमा, सीओपीडी, हृदयाच्या धमन्यांचा विकार, हृदयाची मंदावलेली कार्यक्षमता, यांपैकी काहीही असलेल्या व्यक्तीला धुरातील सूक्ष्म कण अर्ध्या तासातही त्रास देऊ शकतात. छातीत घट्टपणा वाटणे, धाप लागणे किंवा रात्री खोकल्याची उबळ येणे ही त्याची खूण.

हिवाळ्यातील संध्याकाळ या दृष्टीने विशेष वाईट असते. सूर्य मावळल्यावर जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची थंड हवा खाली दबून राहते आणि धूर वर न जाता अंगणातच रेंगाळतो. म्हणून शेगडी कोणतीही असो, वृद्धांच्या घरी हा बेत सकाळी दहा-अकराच्या उन्हात ठरवावा. त्या वेळी हवा वर उचलली जात असते, ऊन अंगाला बरे वाटते, उजेड भरपूर असतो आणि दुपारचे जेवण पचायलाही दिवस हाती उरतो. रात्रीच्या शेकोटीचे आकर्षण मला कळते. पण कमी दिसणारे डोळे, ओबडधोबड जमीन आणि तापलेले लोखंड हे तिन्ही एकत्र आलेले मला पाहवत नाही.

आता वस्तूंकडे वळू. कोळशाची शेगडी सर्वांत स्वस्त, सर्वांत चविष्ट आणि सर्वांत कष्टाची. आपल्याकडे जी जास्त खपते ती पेटीसारखी घडी होणारी, बारीक पायांची, पत्र्याची. ती उचलायला हलकी असते हा तिचा गुण मानला जातो. वृद्धांच्या घरी तोच तिचा दोष आहे, कारण काठीचा किंवा वॉकरचा हलका धक्कासुद्धा तिला कलंडायला पुरेसा होतो. शिवाय तिची उंची गुडघ्याइतकी. तेथे वाकून काम करणाऱ्याची कंबर भरून येते, आणि बराच वेळ उकिडवे बसून एकदम उठणाऱ्या वयस्क माणसाचा रक्तदाब क्षणभर खाली येऊन डोळ्यांपुढे अंधारी येते. विस्तवाशेजारी तोल जाण्यासारखी आपत्ती दुसरी नाही. कोळशाचीच घ्यायची असेल तर कमरेच्या उंचीची, रुंद पायांची, जाड पत्र्याची आणि झाकणाची घ्यावी.

झाकणाच्या गोल शेगडीची जन्मकथा मोठी गमतीची आहे. अमेरिकेतील शिकागोजवळ समुद्रात तरंगणारे धातूचे बोये बनवणाऱ्या वेबर ब्रदर्स या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ काम करीत. वाऱ्याने आणि राखेने त्यांचे भाजणे बिघडत असे; तेव्हा 1952 मध्ये त्यांनी बोयाचाच गोल दोन भागांत कापून एकात जाळी बसवली आणि दुसऱ्याचे झाकण केले. आजही त्या जातीच्या शेगड्यांचा आकार तोच आहे. झाकणाचा उपयोग केवळ चवीपुरता नाही. हवा कमी-जास्त करता येते, चरबी पेटून उठणारा भडका आटोक्यात राहतो, ठिणग्या उडत नाहीत. मात्र झाकण उघडताना ते आपल्याकडे नव्हे, समोरच्या बाजूला कलवून उघडावे. आतील वाफेचा लोट थेट चेहऱ्यावर येतो.

कोळशातही फरक आहे. लाकडापासून केलेला लोणारी कोळसाच अन्नासाठी वापरावा. दगडी कोळसा कधीही नाही. कोळसा पेटवायला रॉकेल ओतण्याची आपल्याकडील सवय सोडायला हवी. भडका उडतो, आणि रॉकेलचा वास अन्नाला तर लागतोच, पण दम्याच्या रुग्णाला तो वेगळा त्रास देतो. तळाशी भोके पाडलेल्या उभट डब्यात खाली कागद आणि वर कोळसा घालून पेटवला, की पंधरा-वीस मिनिटांत तो आपोआप फुलतो. सगळ्या कोळशावर राखेचा करडा पापुद्रा चढेपर्यंतचा हा काळ सर्वाधिक धुराचा असतो. तेवढ्या वेळात ज्येष्ठांनी घरातच थांबावे आणि निखारे शांत झाल्यावर बाहेर यावे. ही लहानशी शिस्त पाळली तर कोळशाची शेगडीही पुष्कळशी सुसह्य होते. खोक्यांच्या फळ्या, प्लायवूड, रंगवलेले लाकूड जळणात घालू नये, आणि कुंपणाची जस्त चढवलेली जाळी कापून भाजण्याची जाळी म्हणून वापरू नये. तापल्यावर त्या जस्ताचा धूर होतो आणि तो श्वासातून गेल्यास तापासारखा आजार आणतो.

इथपर्यंतचे धोके डोळ्यांना दिसतात, नाकाला कळतात. न दिसणारा धोका आता सांगतो, आणि या लेखातील एकच परिच्छेद लक्षात ठेवायचा असेल तर तो हाच ठेवावा. धूर न करणारे, लालबुंद फुललेले निखारे सर्वांत निर्धोक आहेत असे आपल्याला वाटते. वस्तुतः कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू त्यांच्यातून सतत बाहेर पडत असतो. त्याला रंग नाही, वास नाही, घशाला खवखव नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि शरीर आतल्या आत गुदमरते. उघड्या अंगणात तो वाऱ्यावर विरून जातो. पण जेवणे झाल्यावर, इतके छान निखारे वाया का घालवा, या विचाराने शेगडी उचलून आजोबांच्या खोलीत ऊब म्हणून ठेवली जाते, थंडी म्हणून खिडक्या लावल्या जातात, आणि माणसे झोपेतून उठत नाहीत. दर हिवाळ्यात अशा बातम्या देशाच्या कोणत्या ना कोणत्या भागातून येतातच. बंदिस्त केलेली बाल्कनी, प्लॅस्टिकचा पडदा सोडलेला ओटा, शटर खाली ओढलेले गॅरेज यांनाही खोलीच समजावे.

या विषबाधेची सुरुवात डोकेदुखी, मळमळ, गरगरणे, गळून जाणे अशी होते. वयस्क माणसांत ती ‘आज जेवण जड झाले’, ‘दगदग झाली’ अशा समजुतीत हरवते. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीतील गोंधळलेपण नेहमीचेच म्हणून दुर्लक्षिले जाते. आणखी एक गोष्ट काळजी घेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. कोविडच्या साथीपासून अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. ते कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिनच समजते. त्यामुळे माणूस विषबाधेने अत्यवस्थ असतानाही पडद्यावर 97 किंवा 98 हा आकडा दिसू शकतो. तो आकडा पाहून थांबू नये. व्यक्तीला ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि खोलीत निखारे होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. उपचाराची दिशा त्या एका वाक्यावर ठरते.

गॅसची शेगडी या बाबतीत बरीच उजवी. बटण फिरवताच पेटते, बटण फिरवताच विझते, मागे निखारा उरत नाही. धूर होतो तो केवळ अन्नातून गळणाऱ्या तेलाचा आणि चरबीचा. ज्या घरी बाग आहे, महिन्यातून एक-दोनदा मंडळी जमतात आणि कोणाला श्वसनाचा गंभीर विकार नाही, त्या घरासाठी झाकणाची, चाके असलेली आणि चाकांना अडसर असलेली गॅसची शेगडी मी सर्वसाधारणपणे सुचवीन. उंची साधारण 85 ते 90 सेंटिमीटर असावी आणि कडेला ताटली ठेवायला फळी असावी. बटणे मोठी, बोटांच्या पकडीत सहज येणारी आणि ‘बंद’ची खूण दुरून दिसणारी आहेत का, हे ज्यांची बोटे संधिवाताने आखडली आहेत त्यांनाच दुकानात नेऊन फिरवून पाहायला सांगावे. जाहिरातीत दिसणारी जास्तीची बर्नरे, बाजूची शेगडी, आतला दिवा यांवर पैसे घालवण्यात काही अर्थ नाही.

गॅसबाबत तीन गोष्टींचे भान हवे. घरगुती भरलेली टाकी, आतील 14.2 किलो गॅस धरून, सुमारे 30 किलो वजनाची होते. ती स्वयंपाकघरातून बागेत नेणे हे आजोबांचे काम नव्हे. बागेसाठी 5 किलोची छोटी टाकी वेगळी ठेवणे सोयीचे. परदेशी बनावटीच्या शेगडीचा जोड आणि गॅसचा दाब आपल्या रेग्युलेटरशी जुळतो की नाही, याची विक्रेत्याकडून खात्री करूनच ती विकत घ्यावी. जुगाड करून नळी बसवून देणाऱ्याला नमस्कार करून परत पाठवावे. नळी प्रमाणित असावी, 5 वर्षांनी बदलावी, आणि उन्हात राहून तिला भेगा पडल्या असतील तर त्याआधीच बदलावी. तिसरी गोष्ट नाकाची. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. पण वयाबरोबर घ्राणशक्ती मंदावते, आणि त्या व्यक्तीला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून ‘मला तर काही वास येत नाही’ हे आजींचे प्रमाणपत्र पुरेसे नाही. जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात, तळघरात, पायऱ्यांखाली साचतो. तेथे टाकी ठेवू नये. पेटवताना झाकण उघडे असलेच पाहिजे. गळतीची शंका आल्यास टाकी बंद करून सर्वांना दूर न्यावे आणि 1906 या क्रमांकावर कळवावे.

विजेच्या ग्रिलला चोखंदळ मंडळी नाके मुरडतात. त्याला धुराचा खमंगपणा येत नाही, हे खरे. पण ज्या घरात सीओपीडीचा रुग्ण आहे, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेली व्यक्ती आहे, किंवा जेथे सोसायटीच्या गच्चीवरून धूर शेजारच्या आजींच्या खिडकीत जाणार आहे, तेथे निवड याचीच करावी. असे यंत्र बहुधा 1500 ते 2000 वॅटचे असते. 2000 वॅटला आपल्याकडील 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर प्रवाह लागतो. म्हणजे मोबाइल लावायच्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर ते चालवायचे नाही, 16 अँपिअरचे अर्थिंग असलेले सॉकेट हवे आणि घराच्या जोडणीत आरसीसीबी हा गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच हवा. ओल्या हिरवळीवर, ठिबकणाऱ्या छपराखाली त्याला जागा नाही. आणि त्याची वायर चालण्याच्या वाटेवरून कधीही ओढू नये. वृद्धापकाळातील खुब्याच्या हाडाचे मोडणे पुष्कळदा अशाच एखाद्या वायरीत किंवा पायपुसण्यात पाय अडकून घडलेले असते. भिंतीलगत, सॉकेटच्या अगदी जवळ ग्रिल मांडावे आणि खुर्च्या त्याच्याकडे न्याव्यात.

आणि वर्षातून एकदाच हा बेत होत असेल तर? तर काहीही विकत घेऊ नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. घरातील गॅसवर जाळी ठेवून वांगे भाजावे, आणि हुरड्यासाठी गावाकडे जावे.

प्राणवायूच्या यंत्रावर किंवा सिलिंडरवर असलेल्या रुग्णांचा वेगळा उल्लेख करायलाच हवा. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण ज्याला तो मिळतो ते विलक्षण वेगाने जळते. नाकाशी लावलेल्या नळीतून तो कपड्यांत, केसांत, शालीत मुरलेला असतो. अशा व्यक्तीला कोणत्याही ज्योतीपासून किमान 3 मीटर दूर ठेवावे. नळी काढली म्हणजे लगेच शेगडीजवळ जाता येते असे नाही. त्यानंतरही निदान अर्धा तास मोकळ्या हवेत जाऊ द्यावा, आणि नळी काढून राहता येईल का हे आधी डॉक्टरांना विचारावे. कोरड्या त्वचेला पेट्रोलियम जेलीसारखी मलमे रोज लावणाऱ्यांनीही सावध असावे. मलम त्वचेवर धोक्याचे नसते; ते वारंवार लागून कपड्यात मुरले, की तो कपडा ठिणगी पडताच भराभर पेटतो. त्या दिवशी स्वच्छ धुतलेले सुती कपडे घालावेत. नायलॉनच्या साडीचा पदर, सिंथेटिक शाल, लोंबती ओढणी ही विस्तवाशेजारी नकोत. पदर कमरेला खोचून घ्यायची जुनी पद्धत काही उगीच नव्हती.

मधुमेहींच्या पायांविषयी सांगतो. मज्जातंतूंची संवेदना कमी झालेल्या पायाला चटका बसतो पण कळत नाही. फोड दुसऱ्या दिवशी मोजे घालताना दिसतो आणि जखम भरायला महिने लागतात. शेगडीच्या आसपास त्यांनी बंद पादत्राणे घालावीत, शेकण्यासाठी पाय विस्तवाकडे करून बसू नये. वाळूत किंवा मातीत पुरून ‘विझवलेले’ निखारे वरून दिसत नाहीत, परंतु आत कित्येक तास धगधगत राहतात. सकाळी फुले तोडायला अनवाणी गेलेला पाय नेमका तेथे पडतो.

भाजलेच, तर त्या भागावर नळाचे साधे पाणी सलग 20 मिनिटे सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांपैकी काही लावू नये. बांगड्या, अंगठी सूज येण्याआधी काढाव्यात, आणि वयस्कांची त्वचा पातळ असल्याने लहान वाटणारी जखमही डॉक्टरांना दाखवावी. शेगडीवर तेल पेटले तर पाणी न ओतता बटण बंद करून झाकण घालावे. कोळशासाठी वाळूची बादली हाताशी असावी.

आता थोडे पानातल्या पदार्थांविषयी. मांस मोठ्या आचेवर भाजताना आणि त्याची चरबी निखाऱ्यावर गळून धूर उठताना काही कर्करोगकारक रसायने तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये सॉसेज-सलामीसारखे प्रक्रिया केलेले मांस निश्चित कर्करोगकारक गटात, तर मटणासारखे लाल मांस संभाव्य गटात टाकले, ते त्यांच्या नेहमीच्या सेवनासंदर्भात. दोन महिन्यांतून एकदा खाल्लेल्या तुकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण काळे पडलेले भाग काढून टाकणे, दही-लिंबू-लसणात आधी मुरवणे, आणि अर्धे शिजवून मग थोडाच वेळ आचेवर धरणे एवढे सहज करता येते. मुरवताना मिठाचा हात आखडता ठेवावा. रक्तदाबाच्या रुग्णाला तिखटापेक्षा ते मीठ अधिक नडते. कोंबडीचा तुकडा बाहेरून करपला म्हणजे आतून शिजला असे होत नाही. वयस्कांना दूषित अन्नाने होणारी जुलाब-उलटी फार लवकर शक्तिपात करते, म्हणून अन्नासाठीचा तापमापक घ्यावा. तो आतल्या भागात 74 अंश सेल्सियस दाखवीपर्यंत तुकडा उतरवू नये. कच्चे मांस धरलेल्या चिमट्यानेच शिजलेले वाढू नये, हे सांगायला नकोच.

या बाबतीत आपले जुने प्रकार किती शहाणपणाचे होते, ते पाहून कौतुक वाटते. पोपटीत शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात बंद असतात. जाळ बाहेर राहतो आणि आत तेलाचा थेंबही लागत नाही. कणीस सालासकट भाजले जाते. रताळे राखेत त्याच्या सालीच्या आड शिजते. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते वांगे जाळावर कोळशासारखे काळे होते, पण ती करपलेली साल आपण सोलून टाकतो आणि आतला लोण्यासारखा गर तेवढा घेतो. दातांची कवळी असलेल्यांना, गिळताना त्रास होणाऱ्यांना तोच गर सर्वांत सोयीचा. सळीवर ओवलेला चिवट तुकडा त्यांच्या पुढे ठेवून ‘खा ना, मऊ आहे’ असा आग्रह करण्यापेक्षा वांगे, लाल भोपळा, रताळे किंवा केळीच्या पानात गुंडाळलेला, काटे काढलेला मासा द्यावा. मूत्रपिंडाचा विकार असून पोटॅशियमवर बंधन असेल, तर रताळ्याचे प्रमाण आहारतज्ज्ञांना विचारून ठरवावे.

शेगडी घरी आली, की मांडणी अशी करावी. वारा कोणीकडून येतो ते उदबत्ती पेटवून पाहावे. वारा पाठीवर येईल अशा बाजूला, शेगडीपासून दोन-तीन मीटरवर, हात टेकायला असलेली भक्कम खुर्ची ठेवावी. प्लॅस्टिकची डगमगती नको. औषधाचा पंप खिशात असावा. शेगडीचा कारभार एकाच धडधाकट माणसाकडे असावा आणि त्या वेळात त्याच्याकडे दुसरे काम, विशेषतः मोबाइल, नसावा. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती घरात असेल तर गॅसची टाकी वापरानंतर लगेच वेगळी करून ठेवावी.

मात्र खुर्चीत बसवले म्हणजे आजींना काम नको असे नव्हे. वांगे झाले की नाही हे बोटाने न दाबता, नुसत्या देठाकडे आणि सुरकुतलेल्या सालीकडे पाहून त्यांना कळते. तापमापकाला ते कळत नाही. हुरड्याबरोबरची दाण्याची चटणी किती भरड ठेवायची, भरतात कांद्याची पात कधी घालायची, हा निर्णय त्यांच्याकडे द्यावा. समोर लहानसे मेज ठेवले तर भाजलेली साल सोलणे, शेंगा निवडणे, लिंबू पिळणे ही कामे बसल्या जागी होतात, आणि आखडलेल्या बोटांना त्यातून चांगला व्यायामही मिळतो. विकत घेण्याआधी हे मेज ठेवायला जागा उरते का, तेही मोजून पाहावे.

सगळे आटोपल्यावर जाळी कोमट असतानाच अर्ध्या चिरलेल्या कांद्याने घासावी. तारेच्या घासणीचे बारीक तुकडे जाळीला चिकटून पुढच्या वेळी घासातून पोटात गेल्याची उदाहरणे आहेत. निखाऱ्यांवर झाकण घालून झरोके बंद करावेत. राख वरून थंड वाटली तरी पूर्ण एक दिवस तिला हात लावू नये. मग ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून आणखी एक दिवस घराबाहेर राहू द्यावी. लाकडी कोळशाची स्वच्छ राख असेल तर मूठभर फुलझाडांच्या आळ्यात पसरता येते. दाबून केलेल्या कोळशाच्या वड्यांची असेल तर ती सरळ कचऱ्यात द्यावी.